आजारी नसलेल्याचे औषध

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक चमत्कारिक गोष्ट घडली. अभ्यंगस्नान आटोपून सगळे फराळाला बसलो, तो माझी मावसबहीण आपली बशी उचलून एकटीच ओसरीवर जाऊन बसली. ती एका मोठ्या इस्पितळात परिचारिका आहे. एरवी तिला दिवाळीला रजा मिळत नाही. त्या वर्षी महिनाभराची मिळाली होती, आणि तीही बिनपगारी.

झाले होते असे. ती काम करीत असे त्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात चारपाच रोग्यांच्या जखमा चिघळल्या. तेव्हा तिथे वावरणाऱ्या सगळ्यांची नाके आणि घसे कापसाच्या बोळ्याने पुसून तपासण्यात आले. हिच्या घशात स्टॅफिलोकॉकस जातीचा जंतू निघाला. तसा हा जंतू पुष्कळांच्या अंगावर निमूटपणे राहत असतो. पण हिच्या घशातला होता तो मेथिसिलिनच्या कुळातल्या औषधांना दाद न देणारा. हिला ताप नाही, खोकला नाही, घसासुद्धा दुखत नाही. नाकात लावायला मलम दिले, गुळण्यांना औषध दिले. नाक स्वच्छ झाले. घसा मात्र जसाच्या तसा, कारण तिथे मलम पोचत नाही, आणि घशात वस्ती केलेला हा जंतू सहजासहजी हलत नाही.

“दादा, मी आजारीच नाही, तर मग औषध कशाचं घेतेय?” तिने मला विचारले.

मावशी आतून म्हणाली, “त्या डॉक्टरांना म्हणावं, एकदाचं काय ते जालीम देऊन टाका!” खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटत होते. पण डॉक्टर पोटातून गोळ्या द्यायला तयार नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की गोळी काही पत्ता पाहून एकाच जंतूच्या घरी जात नाही. ती सगळ्या शरीरभर हिंडते, आणि तिला पुरून उरतात त्या जंतूंचीच प्रजा वाढते. उद्या खरोखरीच कुणी रोगी अत्यवस्थ झाला, तर त्याच्यासाठी हातात औषध उरायला नको काय?

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने 1945 साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात एक काल्पनिक गोष्ट सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो आपल्याच मनाने पेनिसिलिन आणतो आणि अर्धेमुर्धे घेतो. घशातले जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच पुढे त्याच्या बायकोला जडतात, तिच्यावर पेनिसिलिन चालत नाही, आणि ती दगावते. दोष फ्लेमिंगने त्या नवऱ्याच्या पदरात टाकला. (गंमत अशी, की गोष्टीतला तो स्ट्रेप्टोकॉकस, निदान घसा धरणारी त्याची जात, पेनिसिलिनला आजही शरण जाते. इतर जंतूंनी मात्र ती गोष्ट खरी करून दाखवली.)

आपल्याला अशी गोष्ट आवडते, कारण तिच्यात गुन्हेगार सापडतो. पण ज्यात कुणीच निष्काळजी नव्हते, अशीही एक हकीकत आहे. मेंदूज्वर आणणारा मेनिंगोकॉकस हा जंतूही घशातच राहतो. साधारणपणे दहा धडधाकट माणसांत एकाच्या घशात तो असतो, आणि बहुतेकांना काहीही न करता काही आठवड्यांनी वा महिन्यांनी निघून जातो. एखाद्याच दुर्दैवी माणसाला तो ग्रासतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943 च्या सुमारास, अमेरिकन लष्कराने छावणीतल्या नव्या शिपायांना सरसकट सल्फाडायझिनच्या गोळ्या द्यायला सुरुवात केली. आजारी नसलेल्या हजारो तरुणांनी, शेजारच्या खाटेवरचा जगावा म्हणून औषध घेतले. घसे स्वच्छ झाले, साथी ओसरल्या. वीस वर्षे हे चालले. मग 1963 साली सान दिएगोच्या नाविक छावणीत सल्फाला न जुमानणारा मेनिंगोकॉकस पसरला, आणि पाठोपाठ कॅलिफोर्नियातल्याच फोर्ट ऑर्ड येथे साथीमुळे नव्या शिपायांचे शिक्षण थांबवावे लागले. पेनिसिलिन रोग्याला वाचवी, पण निरोगी घशातला जंतू त्याने हटत नसे. रिफॅम्पिसिनने हटे, पण त्यालाही तो जंतू काही दिवसांतच सरावलेला दिसू लागला. आणि रिफॅम्पिसिन म्हणजे क्षयाच्या रोग्यांचा मोठा आधार! अखेर वाट काढली ती लशीने. 1971 पासून नव्या शिपायांना ती टोचू लागले. औषध आता रोग्याच्या अगदी निकट राहिलेल्यांनाच देतात.

हे वाचल्यापासून मी मावशीच्या बाजूचा राहिलो नाही. ‘जालीम देऊन टाका’ या म्हणण्यात बहिणीची काळजी किती आणि आमची भीती किती, हे मी स्वतःला विचारले, आणि उत्तर मला आवडले नाही. तिच्यापासून धोका होता तो उघड्या जखमांच्या रोग्यांना; चकल्या खाणाऱ्या आम्हा धट्ट्याकट्ट्यांना नव्हे. तरीही तिची कपबशी वेगळी ठेवली गेली, आणि ती कुणी ठेवली हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. विटाळ आपण सोडला असे म्हणतो. जंतूचे नाव मिळाले की तो पुन्हा अंगणात येऊन उभा राहतो.

तिने वॉर्डापासून दूर राहावे, हे मला पटते. माणसाला आपल्या घशाची जबाबदारी घ्यावी लागते, मग तो दुखो वा न दुखो. पण ती दूर राहते कुणासाठी? रोग्यांसाठी. मग त्याची किंमत एकट्या तिनेच का द्यावी? जंतू बहुधा इस्पितळातलाच, घसा हिचा, आणि कापलेला पगारही हिचाच! कागदपत्रांच्या खोलीत तिला महिनाभर बसवता आले नसते काय?

मी बशी घेऊन ओसरीवर तिच्याशेजारी जाऊन बसलो. थोड्या वेळाने मावशीही चिवड्याचा डबा घेऊन आली, आणि “इथं वारा बरा आहे,” म्हणाली.

मार्गशीर्षात तिचा घसा पुन्हा तपासला, तेव्हा तो स्वच्छ निघाला. गोळी एकही घेतली नव्हती. त्या महिन्याचा पगार अजून मिळालेला नाही. यंदा ती दिवाळीला यायची नाही. पाडव्याला तिची रात्रपाळी आहे.