वेदनेचा कायदा

कळंबोलीच्या लोखंड बाजारात दिवसभर सळया उचलून थकलेला माणूस संध्याकाळी मेडिकलच्या काउंटरवर येतो आणि म्हणतो, "अंग फार दुखतंय, जरा जोरदार गोळी द्या." तिथून जवळच, खारघरला, टाटा रुग्णालयाचं ॲक्ट्रेक केंद्र आहे. कॅन्सर हाडांत पसरलेल्या पेशंटला अशा ठिकाणी मॉर्फिन लिहून दिलं जातं. पहिल्याला मॉर्फिनसारखी अफूवर्गातली गोळी सहज मिळता कामा नये, दुसऱ्याची तिच्यावाचून अडवणूक होता कामा नये. हा भेद कळायला आपल्या कायद्याला तीस वर्षं लागली.

1985 साली अमली पदार्थांसाठीचा एनडीपीएस कायदा आला तेव्हा डोळ्यांपुढे हेरॉइनचे तस्कर होते. कॅन्सरचा पेशंट कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. किमान दहा वर्षांची सक्तमजुरी, त्यावर प्रत्येक राज्याचे वेगळे नियम. मॉर्फिन मागवायचं तर निरनिराळ्या खात्यांचे चार-पाच परवाने, आणि ते सगळे एकाच वेळी मुदतीत असायला हवेत. नोंदवहीतली एखादी चूक आपल्याला कोर्टात उभं करेल, या धास्तीने दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 1997 पर्यंत देशाचा वर्षाचा वापर सुमारे 97 टक्क्यांनी घसरून 18 किलोवर आला. नीमच-मंदसौरच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकत होती, जगभरच्या औषधांसाठी बाहेर जात होती, आणि इथले पेशंट तळमळत होते. याच काळात शिकलेल्या कितीतरी डॉक्टरांनी मॉर्फिन कधी हाताळलंच नाही. औषध नव्हतं ते नव्हतंच, ते वापरण्याची विद्याही गेली.

ही विद्या साधी आहे. 1986 साली जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली. कळ येण्याची वाट पाहायची नाही, घड्याळ पाहून दर चार तासांनी गोळी द्यायची. रात्रीचा डोस दुप्पट, म्हणजे झोप मोडत नाही. सोबत पोट साफ होण्याचं औषध. असह्य कळांनी कुशीवर वळू न शकणारं माणूस एवढ्यावर उठून बसतं, घरच्यांशी बोलतं.

केरळमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉर्फिनची ही अडचण सरकारदरबारी वर्षानुवर्षं मांडली. 1998 मध्ये केंद्राने राज्यांना सोपे आदर्श नियम पाठवले, पण बहुतेक राज्यं ढिम्म राहिली. शेवटी 2014 ला कायदाच बदलला. 2015 च्या नियमांनी मॉर्फिन, फेंटॅनिलसह सहा औषधांसाठी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी ठरवली.

तोवर अमेरिकेत उलटंच घडलं होतं. अशा औषधांच्या व्यसनाची भीती फारशी नाही, असं सांगणारं 1980 सालचं पाच वाक्यांचं एक पत्र पुरावा म्हणून फिरवलं गेलं. 1996 ला ऑक्सिकॉन्टिन ही अफूवर्गातली गोळी बाजारात आली, साध्या पाठदुखीलाही दिली गेली, आणि घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली. वेदनेबद्दलची खरी कळकळ विक्रेत्यांच्या हाती पडली की काय होतं, ते तिथे दिसलं. मग डॉक्टरांसाठीच्या 2016 च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांचा अर्थ इतका कडक लावला गेला की, वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्यांच्या त्या एकाएकी तोडल्या गेल्या. 2022 मध्ये त्या सूचना पुन्हा सैल कराव्या लागल्या.

आपल्याकडे आज धोका आहे तो कारखान्यातून खोक्यांनी निघणाऱ्या मालाचा. ट्रॅमाडॉल हे अफूवर्गातलं वेदनाशामक 2018 मध्ये एनडीपीएसखाली आलं, ते योग्यच झालं. 2025 च्या फेब्रुवारीत पालघरच्या एका औषध कंपनीच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात असल्याचं उघड झालं: टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांचं मिश्रण, ज्याला भारतातही मान्यता नव्हती. त्यानंतर त्याचं उत्पादन आणि निर्यात बंद झाली. घाना-नायजेरियातली पोरं या गोळ्यांत अडकल्यावर ही जाग आली, याची मला लाज वाटते.

म्हणून कडक व्हायचं तर कारखान्याच्या साठ्याशी, घाऊक व्यापाऱ्याच्या बिलांशी, चिठ्ठीशिवाय गोळी देणाऱ्या काउंटरशी व्हावं. चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या एच-वन यादीतल्या औषधांची नोंदवही प्रत्येक मेडिकलला तीन वर्षं जपून ठेवावी लागते; ती खरोखर उघडून पाहिली जावी. आणि रायगडमधल्या उपजिल्हा रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवण्याच्या मान्यतेसाठी अर्ज करावेत, एकेका डॉक्टरला वेदनाशमनाचं प्रशिक्षण द्यावं. पोलादपूरच्या पेशंटच्या मुलाला दर महिन्याला आईच्या गोळ्यांसाठी मुंबई गाठायला लागू नये.