पाण्याकाठचे पाहुणे

आखाडा बाळापूरहून पैनगंगेवरचं इसापूर धरण फार लांब नाही. पाण्याकाठी बसून गरम मंच्युरियन खाण्याची मजा औरच! नाव चिनी, जन्म मुंबईचा, तरी आपण त्याला घरचाच मानलाय. पाण्याकाठी मात्र आपण पाहुणे. पाहुणा उठतो, लाल रश्शाने माखलेली कागदी प्लेट वाऱ्यावर उडते, थेट पाण्यात उतरते. कुणी म्हणेल, एका प्लेटने काय होतं? झाडणं हॉटेलवाल्याचं काम! पण त्याचा झाडू अंगणापुरता. वारा त्याचं ऐकत नाही. पैनगंगेचं हेच पाणी कालव्यांतून हिंगोली-नांदेडच्या शिवारात जातं. पाण्याकाठी आपण पाहुणे, त्या शिवारातला शेतकरी यजमान. त्याच्या हळदीच्या सरीत आपलं खरकटं कशाला? बरं, खरकट्याच्या पिशवीला गाडीत जागा लागते ती कितीशी!