जुन्या इंजिनाचे नित्यकर्म

वस्तू टिकते तेव्हा तिच्यातील नेमके काय टिकते आणि ती टिकवण्याचे कर्तव्य कोणत्या स्वरूपाचे असते, हे प्रश्न भारतीय दर्शनांनी वेगवेगळ्या संदर्भांत हाताळले असले, तरी लाखो किलोमीटर धावलेल्या वाहनाच्या इंजिनापाशी ते एकत्र येतात. न्यूयॉर्क राज्यातील विज्ञानशिक्षक अर्व गॉर्डन यांनी १९६६ साली घेतलेल्या व्होल्वो पी-१८०० या मोटारीने २०१३ साली ३० लाख मैलांचा, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटरांचा टप्पा ओलांडला. तोवर तिचे इंजिन उघडून पुन्हा बांधले गेले होते, ऑइल आणि फिल्टर तर अगणित वेळा बदलले होते. तरीही ती तीच मोटार आहे याविषयी कोणी शंका घेतली नाही.

‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात बौद्ध भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की चाके, आस, दांडी यांपैकी रथ कोणता, आणि यांतील एकही भाग रथ नसल्यामुळे ‘रथ’ हे केवळ व्यवहारातले नाव ठरते. न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. अवयवी, म्हणजे भागांनी बनलेली अखंड वस्तू, ही भागांहून वेगळी आणि खरी आहे, असे ते मानतात; मात्र एखादा भाग गेला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो, हेही त्यांना स्वीकारावे लागते. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’तील जैन भूमिका इंजिनाच्या बाबतीत अधिक उपयोगी पडते, कारण तिच्यानुसार जे सत् आहे त्यात उत्पाद (उत्पत्ती), व्यय (नाश) आणि ध्रौव्य (स्थैर्य) ही तिन्ही एकाच वेळी असतात. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा काढून नव्या बसवल्या जातात, तेव्हा त्या व्ययामुळे इंजिनाच्या ध्रौव्याला बाध येत नाही, उलट त्या व्ययावरच ते उभे राहते.

हे स्थैर्य आपोआप लाभत नाही, याचे कारण इंजिनाच्या रचनेतच आहे. क्रँकशाफ्ट आणि तिचे बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा अतिशय पातळ थर असतो आणि धातूचा धातूशी स्पर्श होऊ न देणे हे त्याचे मुख्य काम असते. परंतु उष्णतेने ऑइलचे ऑक्सिडीकरण होते, ज्वलनातील काजळी व आम्ले त्यात मिसळतात आणि त्यांना आवरण्यासाठी घातलेली रसायने हळूहळू संपतात. कूलंटमधील गंजरोधक द्रव्येही अशीच क्षीण होतात आणि एअर फिल्टर निकामी झाला तर धुळीतील वाळूचे कण सिलिंडरच्या भिंती घासू लागतात. यांतील कोणतीही क्रिया अपघाताने घडत नसते. इंजिन चालणे आणि ते झिजणे या एकाच व्यापाराच्या दोन बाजू आहेत.

येथे मीमांसकांनी केलेली कर्माची विभागणी लागू पडते. फळाच्या इच्छेने करायचे ते काम्य, निमित्त उद्भवल्यावर करायचे ते नैमित्तिक आणि ठरल्या काळी करायचेच ते नित्य. नित्यकर्म केल्याने वेगळे फळ मिळत नाही, पण न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो, असे परंपरा सांगते. वेग वाढवण्यासाठी केलेला फेरफार हे काम्य कर्म होय, गळणारे हेड गॅस्केट बदलणे हे नैमित्तिक, आणि ठरलेल्या अंतरानंतर ऑइल बदलणे हे नित्य. ऑइल बदलल्यावर मोटार पूर्वीसारखीच चालते, त्यात दिसण्याजोगे काही घडत नाही, आणि नेमक्या याच कारणामुळे ते काम पुढे ढकलण्याचा मोह होतो.

नित्यकर्म न केल्यास दोष लागतो, या मतावर आद्य शंकराचार्यांनी एक मूलगामी आक्षेप घेतला होता: न करणे हा अभाव आहे, मग अभावातून दोषासारखी भावरूप वस्तू कशी निर्माण होईल? इंजिनापुरते या आक्षेपाचे उत्तर देता येते. ऑइल न बदलणे स्वतः काहीच निर्माण करत नाही. झीज घडवणारी कारणे आधीपासूनच कार्यरत असतात आणि नित्यकर्म त्यांना फक्त प्रतिबंध करत असते. प्रतिबंध दूर झाला की कारणे आपले कार्य पूर्ण करतात. याचा अर्थ असा, की क्षय ही वस्तूची सहज गती आहे आणि टिकणे हे पुन्हा पुन्हा करावे लागणारे कर्म आहे.

या कर्तव्याला मर्यादाही आहे. नवे वाहन घडवण्यासाठी पृथ्वीच्या पोटातून धातू काढावा लागतो, म्हणून असलेले नीट राखणे हा संयमच ठरतो. परंतु इंजिन ऑइल खाऊ लागले आणि त्याचा निळसर धूर इतरांच्या श्वासात जाऊ लागला, तर दुरुस्ती करणे आणि तीही अशक्य झाल्यास वाहन रस्त्यावरून काढून घेणे हेच विहित ठरते, कारण त्यापुढील जपणूक आसक्तीपोटी होत असते आणि तिची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते. या मर्यादेच्या आत मात्र जुन्या इंजिनाची निगा राखणारा मनुष्य असे कर्म करत असतो, ज्याचे यश काहीही न घडण्यातच असते. आणि अशा कर्माला प्रशंसा मिळत नाही म्हणून ते कमी प्रतीचे मानणे ही मूल्यविचारातील गंभीर चूक आहे, कारण मनुष्यसमाज ज्या ज्या गोष्टींच्या आधारावर रोज उभा असतो, त्या सर्व अशाच अदृश्य नित्यकर्माने टिकलेल्या असतात.