नाव इतिहासाचं, गोष्ट नाटकाची

'घाशीराम कोतवाल' मला फार प्रिय आहे. माणसांचीच भिंत होते, तीच क्षणात पाठ फिरवून गर्दी होते, कीर्तनातून लावणी उमलते आणि भास्कर चंदावरकरांचं संगीत या साऱ्याला एका लयीत बांधून ठेवतं. विजय तेंडुलकरांचं हे नाटक जब्बार पटेलांनी १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात रंगमंचावर आणलं. विरोध झाला, ते सादर करणाऱ्या पीडीए या नाट्यसंस्थेने प्रयोग थांबवले. मग त्याच कलावंतांनी थिएटर ॲकॅडमी काढून ते पुन्हा उभं केलं आणि १९८० मध्ये युरोपलाही नेलं.

मी राहतो त्या पनवेलजवळच्या कामोठ्यात पेशवाईच्या खुणा पायाखाली येत नाहीत. इथे पत्ते सेक्टरच्या आकड्यांनी सांगतात. त्यामुळे पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस आणि त्यांचा कोतवाल घाशीराम मला आधी भेटले ते नाटकातच, आणि बराच काळ मी त्यालाच इतिहास समजून चाललो. माझ्यासारखे पुष्कळजण असतील.

कागदोपत्री घाशीराम सावळदास हा १७७७ पासून पुण्याचा कोतवाल. रात्रीची गस्त, बाजारावर नजर, शहरात आल्यागेल्याची नोंद, किरकोळ तंटे ही त्याची कामं. चौदा वर्षं नाना फडणवीसांनी त्याला त्या जागी ठेवलं. पोटची मुलगी नानांना देऊन कोतवाली मिळवली, हा नाटकाचा कणा समकालीन कागदांवर उभा नाही. शेवट मात्र खराच घडला. ऑगस्ट १७९१ मध्ये श्रावणातल्या दक्षिणेसाठी आलेले तेलंगी ब्राह्मण त्याच्या कैदेत कोंडले गेले, त्यांतले वीसेक गुदमरून मेले, शहर खवळलं आणि ३१ ऑगस्टला घाशीरामाला दगडांनी ठेचून मारण्यात आलं.

हे ऐतिहासिक नाटक नाही, असं तेंडुलकरांनी स्वच्छ लिहून ठेवलं होतं. सत्ता आपल्या सोयीसाठी घाशीराम घडवते आणि सोय संपली की त्याला गर्दीच्या हवाली करते, हे त्यांचं म्हणणं आजही जळजळीत खरं आहे. पण तेवढ्याने लेखक मोकळा होतो, असं मला वाटत नाही. कोतवालाला एखादं काल्पनिक नाव दिलं असतं, पुण्याऐवजी कुठलीशी नगरी घेतली असती, तर या नाटकाने इतका घाव घातला असता का? नाना फडणवीस या नावाला शतकांचं वजन आहे, आणि नाटकाने ते वजन वापरलं आहे. ज्या नावाची ताकद घेतली, त्या नावाच्या खऱ्या माणसाचं देणं लागतंच.

म्हणून नाटक बंद पाडावं? मुळीच नाही. नावंही बदलू नयेत. ते देणं आपण प्रेक्षकांनी फेडायचं आहे. नाटकावर जीव असेल तर मोरोबा कान्होबांचं १८६३ मधलं 'घाशीराम कोतवाल' हे पुस्तक चाळावं, पेशवे दप्तरातली निवडक पत्रं वाचावीत. मी हे करू लागल्यापासून नाटक कमी झालं नाही. उलट ते कोंडलेले ब्राह्मण आता मला कथानक पुढे ढकलणारी सोय वाटत नाहीत. दक्षिणेच्या आशेने शेकडो कोस चालत आलेली ती माणसं होती. त्यांची नावं ना नाटकात आहेत, ना माझ्या वाचनात आलेल्या इतिहासात.

पनवेलच्या नाट्यगृहालाही एक ऐतिहासिक नाव आहे, इथल्याच शिरढोणात जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांचं. तिथे 'घाशीराम' लागावं, आणि तिकिटासोबत एक पान हातात पडावं: घडलं ते एका बाजूला, रचलं ते दुसऱ्या बाजूला.