तेच यान

बाबांचं वर्षश्राद्ध झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाईच्या घरातलं त्यांचं पुस्तकांचं कपाट आवरायला घेतलं. कपाटाच्या माथ्यावर पंचेचाळीस वर्षं एक अंतराळयान उभं होतं. लेगोचा ९२८ क्रमांकाचा संच, ‘गॅलक्सी एक्सप्लोरर’. १९७९ साली तो बाजारात आला आणि पुढच्या वर्षी, जर्मनीत नोकरीला असलेल्या काकांनी माझ्यासाठी आणला. मी दहा वर्षांचा होतो. बाबांनी आणि मी दोन संध्याकाळी बसून ते यान जोडलं आणि बाबांनी ते कपाटावर ठेवलं. इतर मुलं मोडून पुन्हा काही वेगळं करतात. माझ्याच्यानं ते मोडवलं नाही. पुढे मी भोसरीत टूलरूममध्ये लागलो, प्लॅस्टिकच्या मालाचे साचे करण्यात जन्म गेला. पगार हातात आल्यावर लेगोचे संच घेऊ लागलो. आज घरात विटांची पिंपं भरलेली आहेत. रोज काही जोडतो, रोज काही उकलतो. हे एकच यान कधी उकललं नव्हतं.

खाली उतरवून पाहिलं तर त्याचा करडा रंग मारी बिस्किटासारखा झालेला. कपाटाच्या बरोबर वर छपरात एक काच बसवलेली आहे. सकाळी नऊच्या सुमाराला तिच्यातून उन्हाची तिरीप यायची आणि यानावरून सरकत बाबांच्या चटईपर्यंत जायची. पंचेचाळीस वर्षं ऊन खाल्ल्यावर एबीएस प्लॅस्टिक पिवळं पडणारच. याला एक उपाय आहे आणि तो आम्हा हौशी लोकांना पाठ आहे: विटा सुट्या करायच्या, काचेच्या भांड्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घ्यायचं, विटा त्यात बुडवून उन्हात ठेवायच्या. तरंगून वर येतात म्हणून वर वजन ठेवावं लागतं. दोन-चार दिवसांत रंग परत येतो. मी वाईच्याच औषधाच्या दुकानातून बाटल्या आणल्या आणि अंगणात बसलो. यान मांडीवर घेतलं आणि हात थांबला. ते सुटं केलं की यान उरेल का? आणि पुन्हा जोडलं तर जे तयार होईल ते हेच असेल, की याच्यासारखं दुसरं?

हा प्रश्न मला नवा नव्हता. बाबा हायस्कुलात संस्कृत शिकवायचे आणि सकाळी घरी येणाऱ्या दोन-तीन मुलांना अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह, म्हणजे न्यायशास्त्राची प्रवेशिका, सांगायचे. मी कोपऱ्यात बसून ऐकायचो. त्या तिरिपेकडे बोट दाखवून ते म्हणायचे, “हा जो कण तरंगताना दिसतो ना, ते त्र्यणुक. दोन परमाणूंचं एक द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं एक त्र्यणुक. डोळ्याला दिसणारी सगळ्यांत लहान वस्तू हीच.” म्हणजे सहा परमाणू. पुष्कळ वर्षांनी वाचलं की आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या सहा लेगो विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात. कोपनहेगन विद्यापीठातले गणिती सोरेन आयलर्स यांनी ते मोजून काढलं. त्याआधी सांगितला जाणारा आकडा सव्वादहा कोटींच्या आसपास होता, कारण त्यात एकावर एक रचलेले सहा मजली मनोरेच धरले होते. हे मी बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सहाच्या सहा तशाच राहतात ना रे आत? मग ठीक आहे.”

त्यांच्या या एका वाक्यात मला न्यायशास्त्र मानणारे नैयायिक आणि बौद्ध यांच्यातला सगळा वाद दिसतो: वस्तू तिच्या भागांहून वेगळी असते का? घागर घडली की मातीचा कण निवडून काढता येत नाही. पण कापडात सूत सूतच राहतं. नैयायिकांचा आवडता दाखला कापडाचाच: सूत हे कापडाचं समवायी कारण, सुतांचा एकमेकांशी झालेला संयोग हे असमवायी कारण, विणकर आणि त्याचा धोटा हे निमित्त. कापड म्हणजे सुतांचा ढीग नव्हे. सुतं जुळली की त्यांच्यावर राहणारी एक नवी वस्तू जन्माला येते, तिला ते अवयवी म्हणतात. बौद्धांना हे मान्य नाही. मिलिंद राजाला भिक्षू नागसेनानं विचारलं की तुझा रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला, आणि उरलं काय तर रथ हे नाव. नागसेन माझ्या अंगणात येऊन बसला असता तर त्यानं हेच विचारलं असतं. ही निळी पट्टी म्हणजे यान का? पिवळी काच म्हणजे यान का? मागची दारं म्हणजे? मला नाहीच म्हणावं लागलं असतं.

हा युक्तिवाद कच्चा नाही. साचेवाल्याला तर तो फार जवळचा वाटतो, कारण आम्ही भाग करतो, वस्तू दुसरा कुणी जोडतो. पण न्यायसूत्रात अवयवीच्या बाजूनं एक साधा दाखला आहे आणि लहानपणापासून तो माझ्या हातात बसलेला आहे: धारण आणि आकर्षण. वस्तूचा एक भाग धरून ओढला तर सगळी वस्तू येते. धुळीच्या ढिगाचा एक कण उचलला तर ढीग येत नाही.

लेगोच्या विटेचा खरा इतिहास मी याच कसोटीवर वाचतो. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचा सुतार ओले कीर्क क्रिस्तियानसेन यानं १९३२ साली धंदा सुरू केला, तो लाकडी खेळण्यांचा. प्लॅस्टिकच्या विटा १९४९ साली आल्या. त्या आतून पोकळ होत्या. एकीवर एक बसायच्या, पण धरून ठेवायच्या नाहीत. उंच काही रचलं की कोसळायचं. दिसायला घर, उचलायला गेलं तर ढीग. २८ जानेवारी १९५८ रोजी त्याचा मुलगा गोटफ्रेड यानं पेटंटसाठी अर्ज केला तो विटेच्या पोटातल्या नळ्यांचा. हिशेब पाहा. दोन खुंट्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर, म्हणजे चार खुंट्यांच्या चौकोनाचा कर्ण ११.३१. खुंटीचा व्यास ४.८, तो वजा जाता उरले ६.५१. नळीचा बाहेरचा व्यास तेवढाच. त्यामुळे कोपऱ्यातली खुंटी दोन भिंती आणि एक नळी अशा तीन ठिकाणी पकडली जाते. टूलरूमच्या भाषेत हा हलका प्रेस फिट आहे. जरा घट्ट झाला तर मुलाला निघणार नाही, जरा सैल झाला तर पुन्हा ढीग. लाखो विटांमध्ये हा फिट एकसारखा राखायचा म्हणजे साच्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचीही चूक चालत नाही. १९६३ पासून एबीएस वापरू लागले आणि विटा वाकायच्या थांबल्या. १९५८ ची वीट आजच्या विटेवर बसते. माझ्या हिशेबी त्या दिवशी ढिगाचा अवयवी झाला. संयोग टिकू लागला म्हणून वस्तू जन्माला आली.

न्यायसूत्रावरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात धारण-आकर्षणाच्या दाखल्यावर एक आक्षेपही येतो. गवत, दगड आणि लाकूड लाखेनं चिकटवलं तरी एक टोक ओढल्यावर सगळं येतं, म्हणून काय ती एक नवी वस्तू झाली? हा आक्षेप मला पटतो, आणि म्हणून विटा डिंकानं चिकटवण्याच्या मी विरुद्ध आहे. प्रदर्शनात मांडायच्या मोठ्या प्रतिकृती चिकटवतात, त्याला वाहतुकीचं कारण आहे. घरात तसं करणारा माणूस मला समजत नाही. चिकटवल्यावर विटेचं विटपण गेलं, ती दगडाचा पापुद्रा झाली. दोन विटांवरून आडवा जाणारा स्टिकर हीही लाखच आहे. छापलेली वीट सुटी होते, पुन्हा कशातही लागते. स्टिकरनं बांधलेल्या दोघी कायमच्या एकमेकींच्या कैदेत. तीच गत फक्त एकाच संचात चालेल अशा मोठ्या खास भागांची. २००३-०४ च्या सुमाराला कंपनी डबघाईला आली, तेव्हा भागांचे प्रकार भरमसाट वाढले होते. ते जवळजवळ निम्म्यावर आणले आणि गाडी रुळावर आली. हिशेबनीस त्याला खर्चकपात म्हणतील. मला त्यात अवयवाचा मान राखलेला दिसतो. उत्तम रचना ती, जिच्यात प्रत्येक भाग संपूर्ण गुंतलेला असतो आणि तरीही संपूर्ण मोकळा असतो. हे दोन्ही एकत्र साधणारी माणसाच्या हातची दुसरी वस्तू मला पटकन आठवत नाही. शिलाई न मारलेली साडी कदाचित.

आता रंगाचं. कच्ची घागर काळसर असते, भट्टीत ती लाल होते. हा रंग कुणाचा बदलला? न्यायाच्या जोडीच्या वैशेषिक दर्शनाचे लोक म्हणतात, आगीनं घागर परमाणूंपर्यंत सुटी होते, प्रत्येक परमाणूचा रंग पालटतो आणि परमाणू पुन्हा जुळून नवी घागर होते. हा पीलुपाक, पीलू म्हणजे परमाणू. द्व्यणुक मोडल्यापासून नव्या रंगाचं द्व्यणुक होईपर्यंत किती क्षण जातात तेही त्यांनी मोजलं, नऊ. नैयायिक म्हणतात, भट्टीच्या भोकातून पाहा, घागर तिथेच दिसते. तिच्यावर रचलेल्या घागरी खाली पडत नाहीत. बाहेर काढल्यावर आपण म्हणतो, ‘ही तीच’. म्हणजे घागर अखंड असतानाच रंगली. हा पिठरपाक, पिठर म्हणजे भांडं. बाबा पिठरपाकाच्या बाजूचे. “ओळख पटते ती खोटी कशी म्हणायची?” हे त्यांचं शेवटचं म्हणणं असायचं.

आणि मी पेरॉक्साइडच्या बाटल्या घेऊन नेमका पीलुपाक करायला बसलो होतो! सुटं करायचं, कणाकणाचा रंग पालटायचा, पुन्हा जोडायचं. उन्हानं मात्र पंचेचाळीस वर्षं पिठरपाक केला होता. यान जागचं हललं नाही आणि रंगत गेलं.

शेवटी मी ते उकललं. जुन्या विटा नीट सुटत नाहीत. चपट्या पट्ट्या तर इतक्या बसलेल्या असतात की नख तुटतं. विटा सोडवायचा सेपरेटर घालून हलक्या हातानं एकेक काढत गेलो. मागची दारं, आतली छोटी गाडी, दोन पांढरे आणि दोन लाल अंतराळवीर. मग वरची एक करडी पट्टी सुटली आणि तिच्याखालची समोर आली.

ती दोन रंगांची होती. कडेनं पिवळी, मध्ये स्वच्छ करडा आयत, १९८० साली डब्यातून निघाली तसा. वरच्या पट्टीनं जेवढी जागा झाकली होती तेवढीच, कड पेन्सिलीनं आखल्यासारखी. पुढची सोडवली, तिच्यावरही तसंच. कुठे पंखाच्या तिरक्या कडेची सावली, कुठे एका खुंटीभर गोल. तासाभरात अंगणातल्या चादरीवर तीनशेच्या वर भाग पसरले होते आणि बाहेरच्या बाजूच्या बहुतेक सगळ्यांवर त्यांच्या शेजाऱ्याचा ठसा होता. आकृत्यांची पुस्तिका हरवली असती तरी या ठशांवरून यान पुन्हा जुळवता आलं असतं.

मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. नागसेन म्हणेल, डाग विटेवर आहे, यानावर नाही. खरं आहे. पण त्या डागाचं कारण त्या विटेत नाही, तिच्या शेजारणीतही नाही. दोघी एका ठरावीक तऱ्हेनं एकमेकींना धरून एका उन्हात वर्षानुवर्षं उभ्या होत्या, त्याचा तो डाग आहे. ढिगातल्या विटांवर असा डाग पडत नाही, कारण ढीग हलतो. जिच्यामुळे काही घडतं ती गोष्ट नुसतं नाव आहे असं मला म्हणता येत नाही. बौद्ध पंडिताचं समाधान एवढ्यानं होणार नाही, हे मला कळतं. तो म्हणेल, तू फक्त संयोगाचं काम दाखवलंस. त्यावर माझं म्हणणं इतकंच की मी आयुष्यभर संयोगच घडवत आलो, आणि संयोगाला ‘फक्त’ म्हणायला माझी जीभ वळत नाही.

बाबा गेले तेव्हा दहाव्याला मी घाटावर उभा होतो. गुरुजी जे सांगत होते ते करत होतो आणि मनात एकच चाललं होतं, आता कुठे आहेत? त्यांच्या शास्त्रात आत्मा शरीररूपी अवयवीपेक्षा वेगळा, नित्य, म्हणून त्यांना स्वतःला ती काळजी नव्हती. मला ती होती आणि अजून आहे. त्या दुपारी अंगणात मला उत्तर मिळालं असं मी म्हणणार नाही. पण माझ्या अक्षराचं वळण त्यांचं आहे. वाद घालताना मी डावा हात मांडीवर उताणा ठेवतो तसाच तेही ठेवायचे. आणि हे मला कुणी शिकवलेलं नाही.

पेरॉक्साइडमध्ये विटा घातल्या असत्या तर चार दिवसांत सगळे ठसे पुसले गेले असते. घरी, पुण्यात, २०२२ साली आलेलं नवं रूप आहेच माझ्याकडे, १,२५४ भागांचं, आकारानं मूळ यानाच्या दीडपट. माइक साकी यांनी ते फार प्रेमानं आखलं आहे. येन्स न्यूगोर क्नुडसेन यांनी केलेल्या मूळ यानाशी त्याचं नातं पाहताक्षणी कळतं. रंग बघायचा तर तिथे बघेन. ते या यानासारखं आहे. सारखं असणं आणि तेच असणं यांतला फरक बाबांनी मला सातवीतच शिकवला होता.

बाटल्या बाजूला ठेवल्या आणि जोडायला बसलो. पुस्तिका शेजारी होती, तरी ठसे पाहूनच जोडत गेलो. डाव्या पंखापाशी एक पट्टी पुस्तिकेत एक खुंटी पुढे आहे. आमची मागे होती, ठसा स्पष्ट सांगत होता. दोघांपैकी कुणाचा हात चुकला होता ते आता कळायचं नाही. पट्टी ठशावर बसवली.

दिवस कलताना शेवटची पिवळी काच लागली. कपाटावर ठेवण्याआधी नाकाच्या टोकाला दोन बोटांनी धरून यान उचललं. पंख, दारं, आतली गाडी, चारही अंतराळवीर, सगळं वर आलं.