घरचा डबा, नवा कॉम्प्युटर

अमरावती-अकोल्याकडच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत माळ्यावर रिकाम्या कॅबिनेटांची चळत हमखास दिसते. एमएस-सीआयटीच्या लाटेत घरोघरी आलेले ते काळे-चंदेरी डबे. आतलं सगळं केव्हाच निकामी झालेलं, पत्रा मात्र ठणठणीत. पोराला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतो, नवा पीसी असेंबल करायचं ठरतं आणि दुकानदार यादी काढतो: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि शेवटी काचेचं, रंगीत दिव्यांचं नवं कॅबिनेट. अशा वेळी कोपऱ्यात सोल्डरिंग करत बसलेला मेकॅनिक मान वर न करता म्हणतो, "काकाजी, घरचा डबा चांगला हाये ना, मंग नवा कायले घेता?"

त्याचं म्हणणं बहुतेक वेळा खरं असतं. 1995 साली इंटेलने एटीएक्स नावाचं माप ठरवलं. बोर्ड जास्तीत जास्त 305 बाय 244 मिलिमीटर, स्क्रूची भोकं ठरल्या जागी, मागच्या जोडण्यांसाठी सव्वासहा इंच बाय पावणेदोन इंचांची खिडकी. त्यानंतर प्रोसेसरची बैठक कितीदा बदलली, रॅमच्या पिढ्यांमागून पिढ्या गेल्या, फ्लॉपी गेली, सीडीही गेली. भोकं जिथल्या तिथे आहेत. वीस वर्षांपूर्वीच्या डब्यात आजचा बोर्ड टेकवला तरी भोकावर भोक येतं. एकमेकांचं गिऱ्हाईक पळवणाऱ्या कंपन्यांनी तीस वर्षं एकच माप पाळावं, याचं मला आतल्या कुठल्याही चिपपेक्षा जास्त नवल वाटतं. (कंपनीतून तयार येणाऱ्या काही संगणकांचं माप मात्र ज्याचं त्याचं असतं. तो डबा असेल तर आधी टेप लावून बघावं.)

बसवताना एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. तळाच्या पत्र्यावर पितळेच्या बारक्या खुंट्या असतात, स्टँडऑफ. जुन्या बोर्डासाठी लावलेली एखादी खुंटी नव्या बोर्डाच्या भोकाखाली न येता मध्येच पाठीला टेकली, तर शॉर्ट झालाच म्हणून समजा. ती पक्कडीने आधी काढायची. मग पुढची प्लास्टिकची चौकट उपसायची. मागे धुळीचा करडा थर निघतो, आणि डबा बरेच उन्हाळे कूलरच्या झोतात राहिलेला असेल तर खालच्या कडेला गंजही. सँडपेपर आणि रंगाचा एक हात, एवढ्यावर ते भागतं.

खरी परीक्षा आहे ती इथल्या उन्हाची. 2024 च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांना कलम 144 लावावं लागलं होतं. खोलीत जे तापमान, त्यापेक्षा डब्याच्या आत जास्तच असतं. त्या काळातल्या साध्या डब्याला मागे 80 मिलिमीटरचा एक पंखा, तोही असला तर; पुढून हवा आत यायला खालच्या कडेची एक फट. आज चांगलं ग्राफिक्स कार्ड एकटंच 200 वॉटच्या घरात वीज खातं आणि ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. हवा खेळली नाही की प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो. पैसे मोजले वेगाचे आणि चाल तीच जुनी.

यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरच्या शकुंतला रेल्वेचं हेच झालं. 1921 साली मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन तिने सत्तर वर्षं वापरलं. 1994 च्या एप्रिलात डिझेल इंजिन आलं. रूळ मात्र तेच अडीच फुटी राहिले. नव्या इंजिनात ताकद होती, पण त्या रुळांना सोसेल तेवढंच ते पळणार. आज ती गाडी बंद आहे, आणि गावोगावचे लोक ब्रॉडगेज मागतात ते उगाच नव्हे.

डब्याचं नशीब रुळांपेक्षा बरं, कारण त्याचा इलाज गल्लीतच आहे. कूलर बनवणारा कारागीर पत्रा कापण्यात पटाईत असतो. मोकळा डबा त्याच्यापुढे ठेवा, मागे-पुढे 120 मिलिमीटरची भोकं मागा, आणि लांब ग्राफिक्स कार्डाच्या आड येणारा हार्ड डिस्कचा पिंजरा रिव्हेट उडवून काढायला सांगा. बोर्ड बसवल्यावर मात्र ड्रिल जवळ आणू नये. लोखंडाचा कीस आत राहिला तर सगळंच गेलं.

हे करून आपण पर्यावरण वाचवलं असा आव आणण्यात अर्थ नाही. लोखंडी पत्रा भंगारवाला तसाही वजनावर नेतो आणि तो वितळून पुन्हा कामाला येतो. घातक कचरा निघतो तो बोर्डांतून, आणि नवा बोर्ड तर आपण घेतोच आहोत. वाचतात ते दोन-चार हजार रुपये. तेवढ्यात एसएसडी दुपटीची येऊ शकते. मला हे कारण पुरेसं वाटतं.

जुन्या डब्यासोबत आलेला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा खोका, मात्र त्यात ठेवू नका. त्यातले कपॅसिटर उन्हाने आतून सुकत जातात. तापमान 10 अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. वऱ्हाडात पंधरा उन्हाळे काढलेल्या एसएमपीएसवर नव्या बोर्डाचा भरवसा ठेवणं म्हणजे जुगार. तो वरून धडधाकट दिसेल, पंखाही फिरेल. तरी बदला, आणि कॅबिनेटचे वाचलेले पैसे आधी तिथे घाला.