अमरत्वाचा श्लोक कोणी कोणाला सांगावा?

दशक्रियेच्या घाटावर आता मंडप असतो, माइक असतो आणि प्रवचन असते. पिंडाला कावळा शिवेपर्यंतचा वेळ प्रवचनकार भरून काढतो. मग पतसंस्थेचे चेअरमन, माजी सरपंच, आमदारांचे प्रतिनिधी एकेक करून श्रद्धांजली वाहतात. गेलेला माणूस ऐंशीचा असेल तर हे सारे शोभून जाते. पण तो चोविसाचा असतो, रात्री त्याची दुचाकी रस्त्यातल्या खड्ड्यात आदळलेली असते, तेव्हाही प्रवचन तेच असते. गीतेचा दुसरा अध्याय, जुने कपडे टाकून नवे घालण्याचा दृष्टान्त, आत्मा मरत नाही, तेव्हा माउली, रडू नका. चोविसाव्या वर्षी कोणते कपडे जुने झाले होते, हे कोणी विचारत नाही. खड्डा कोणाच्या हद्दीतला होता, हेही विचारत नाही. दोन्ही प्रश्न श्लोकाने बुजतात. खड्डा तेवढा राहतो.

शिकलेल्या घरांत हेच काम मोबाइलवर येणारा एक मजकूर करतो. ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही, म्हणजे गीतेने सांगितले तेच विज्ञानाने सिद्ध केले! त्या ऊर्जेचा हिशेब चितेच्या उष्णतेत आणि राखेतही पुरा लागतो, आणि आईला हवे असलेले त्यात काहीच नसते, हे मजकूर पुढे पाठवणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

दोन्हीकडे गृहीत एकच आहे: आपल्या शास्त्रांनी मृत्यू नाकारला आहे, आणि गेलेला माणूस कुठेतरी जसाच्या तसा आहे असे आश्वासन दिले आहे. मला हे गृहीत चुकीचे वाटते. आपल्याकडे अमरत्वाचा विचार घडला तो स्वतःच्या मरणाकडे पाहणाऱ्या माणसांच्या प्रश्नांतून. दुसऱ्याच्या मरणावर मलम म्हणून तो लावायला आपण फार नंतर शिकलो, आणि लावताना त्यातले मुख्य औषध काढून टाकले.

या विचाराचा सुरुवातीचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे, त्यात फार रेंगाळायला नको. ऋग्वेदातल्या माणसाला शंभर शरद ऋतू हवे होते. दहाव्या मंडलातल्या अंत्यविधीच्या सूक्तात मृत्यूला दुसऱ्या वाटेने जायला सांगितले आहे आणि प्रेताशेजारच्या स्त्रीला उठून जिवंतांच्या जगात परत बोलावले आहे. मर्त्य माणसाचे अमरत्व म्हणजे त्याची संतती, हे तैत्तिरीय ब्राह्मणाने स्पष्टच म्हटले. ब्राह्मणग्रंथांत एक नवी धास्ती दिसू लागते, पुनर्मृत्यूची. यज्ञाच्या पुण्याईने माणूस परलोकात जाईलही. पण तिथेही त्याला मरण आले तर? या धास्तीतून पुढे पुनर्जन्माची कल्पना आकाराला आली. म्हणजे पुन्हा जन्म ही कल्पना आपल्याकडे आली ती संकट म्हणून, दिलासा म्हणून नव्हे. ‘पुढच्या जन्मी भेटू’ हे वाक्य त्या ऋषींना फारसे गोड लागले नसते.

इथून पुढे सगळे जण थेट कठोपनिषदातल्या नचिकेत्यावर आणि तिथून गीतेवर उडी मारतात. मधले एक वळण त्यामुळे वाचलेच जात नाही, किंवा वाचले तर उलटे वाचले जाते. हे वळण बृहदारण्यकात आहे. नाव सर्वांच्या ओळखीचे: याज्ञवल्क्य आणि मैत्रेयी.

प्रसंग घरातला आहे. याज्ञवल्क्य घर सोडून निघाला आहे. जाण्यापूर्वी मैत्रेयी आणि कात्यायनी या दोन बायकांमध्ये मालमत्तेची वाटणी करून देतो असे तो म्हणतो. मैत्रेयी विचारते, ही सारी पृथ्वी धनाने भरून मला मिळाली तर मी अमर होईन का? तो सरळ नाही म्हणतो. साधनसंपन्न माणसे जशी जगतात तशी जगशील, एवढेच. मग ज्याने मी अमर होणार नाही ते घेऊन काय करू, असे ती विचारते. इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकात शोभेल अशी आहे, आणि आपण इथेच थांबतो. धनापेक्षा ज्ञान श्रेष्ठ, असे तात्पर्य काढून मोकळे होतो.

खरी गोष्ट पुढे आहे. अमरत्व मागणाऱ्या या बाईला याज्ञवल्क्य मिठाच्या खड्याचे उदाहरण देतो. खडा पाण्यात टाकला की विरघळतो. तो पुन्हा चिमटीत धरून बाहेर काढता येत नाही; पाणी मात्र कुठूनही चाखा, खारटच. तसेच हे अपार चैतन्य या महाभूतांमधून वर येते आणि त्यांच्याच मागोमाग लय पावते. आणि मग तो म्हणतो की गेल्यानंतर संज्ञा, म्हणजे जाणीव, उरत नाही.

मैत्रेयी दचकते. इथे तुम्ही मला गोंधळात टाकलेत, असे ती नवऱ्याला तोंडावर सांगते. तिच्या जागी आपण असतो तर वेगळे काय म्हटले असते? अमर कसे व्हायचे हे विचारले, आणि उत्तर आले की खडा उरत नाही. याज्ञवल्क्य माघार घेत नाही. जिथे दोन असतात तिथे एक दुसऱ्याला पाहतो, ऐकतो, जाणतो. जिथे सारे आत्माच झाले तिथे कोणी कोणाला पाहायचे, आणि जाणणाऱ्याला कशाने जाणायचे? मैत्रेयीने विचारले होते, मी उरेन का. याज्ञवल्क्याने तिच्या प्रश्नातला ‘मी’च काढून घेतला. माझ्या मते भारतीय विचारातले सगळ्यात मोठे वळण हे आहे. किती काळ टिकायचे हा प्रश्न मागे पडला आणि टिकू पाहणारा हा कोण, हा प्रश्न पुढे आला. लोक याला आत्म्याच्या अमरत्वाचा शोध म्हणतात. मी त्याला टिकण्याच्या हव्यासाचा शेवट म्हणेन.

हा संवाद उपनिषदात दोनदा येतो, दुसऱ्या अध्यायात आणि चौथ्या अध्यायात. दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. दुसऱ्या अध्यायात खडा विरघळतो. चौथ्यात विरघळण्याची गोष्ट नाही. तिथे मिठाचा आत-बाहेर भेद नसलेला, रसाने भरलेला गोळा आहे. आणि मैत्रेयी गोंधळल्यावर याज्ञवल्क्य तिथे एक वाक्य जास्त बोलतो: हा आत्मा अविनाशी आहे, त्याचा उच्छेद होत नाही. कोणता पाठ आधीचा यावर वाद घालता येईल. पण धीर देणारे हे वाक्य एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, यावर घालता येणार नाही. मैत्रेयीची अस्वस्थता परंपरेलाही सोसवली नसावी, असे मला वाटते. आपल्या प्रवचनांना नेमके ते वाढीव वाक्य तेवढे पाठ असते.

‘संज्ञा उरत नाही’ हे वाक्य इतके अवघड होते की पुढे शतकानुशतके प्रत्येक पक्षाला त्याच्याशी झुंजावे लागले. चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त चार्वाकाचे मत मांडताना माधवाचार्यांनी हेच वाक्य त्याच्या बाजूचा पुरावा म्हणून दिले आहे: बघा, वेदच म्हणतो की मेल्यावर काही राहत नाही. जैन परंपरेत ‘विशेषावश्यकभाष्या’तला गणधरवाद पाहा. महावीरांचा पहिला गणधर होणारा इंद्रभूती गौतम जीव आहे की नाही या शंकेने ग्रासलेला आहे, आणि त्या शंकेच्या मुळाशी हेच वाक्य आहे. ब्रह्मसूत्रांत पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात याच मैत्रेयी-संवादावर आश्मरथ्य, औडुलोमी आणि काशकृत्स्न या तीन आचार्यांची तीन मते नोंदवली आहेत. जीव आणि ब्रह्म यांचे नाते काय, यावर तिघांचे एकमत नाही. ‘शास्त्रात स्पष्ट सांगितलेच आहे’ असे ठणकावणाऱ्याने हे पान उघडून पाहावे. शास्त्रच इथे तिघांना बोलू देते.

शंकराचार्यांचा खुलासा तर या बाबतीत निर्णायक आहे. ते या वाक्याची धार बोथट करतात असे पुष्कळांना वाटते. चैतन्य नाहीसे होत नाही, विशेष संज्ञा तेवढी जाते, असे ते म्हणतात. पण ही विशेष संज्ञा कोणती? मी अमुक, अमक्याचा मुलगा, हे माझे शेत, हे माझे धन, मी सुखी, मी दुःखी, ही जाणीव. आचार्यांनी यादीच दिली आहे, आणि त्या यादीत शेतसुद्धा आहे. आता दहाव्याला बसलेल्या आईला काय परत हवे आहे ते बघा. तिला अमुक नावाचा, अमक्याचा मुलगा हवा आहे. अद्वैताचा सर्वांत मोठा आचार्य म्हणतो की उरत नाही ते नेमके हेच. तिला ‘तुमचा मुलगा गेलेला नाही’ असे शंकराचार्यांच्या नावावर सांगणे ही आचार्यांच्या नावावर केलेली थाप आहे.

मग गीतेचे काय? गीतेच्या दुसऱ्या अध्यायाने कठोपनिषदातले श्लोक थोड्या फरकाने उचलले, हे सर्वमान्य आहे. श्लोक उचलताना माणसे बदलली, याकडे मात्र दुर्लक्ष होते. कठात मरणाच्या दारात स्वतः उभा असलेला मुलगा विचारतो आणि मृत्यू उत्तर देतो. गीतेत विचारणारा धनुर्धर आहे आणि मरणार आहेत ते समोरचे. स्वतःच्या मरणाविषयीचे ज्ञान इथे पहिल्यांदा इतक्या ठळकपणे दुसऱ्याच्या मरणाकडे वळवले गेले. डॉ. आंबेडकरांनी बोट ठेवले ते इथेच. खुनाच्या खटल्यात एखाद्या वकिलाने हा बचाव मांडला तर त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होईल, असे त्यांनी म्हटले. गीतेचे भक्त या टीकेने दुखावतात; मला ती टाळता येण्यासारखी वाटत नाही. मात्र ती लागू पडते अमरत्वाच्या या नव्या वापराला. याज्ञवल्क्याला ती शिवत नाही. आणि गीतेच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. आत्मा नित्य जन्मतो आणि नित्य मरतो असे तू मानत असलास, तरी तू शोक करणे योग्य नाही, असेही कृष्ण अर्जुनाला म्हणतो. म्हणजे सारा युक्तिवाद अमरत्वाच्या एका खुंटीवर टांगलेला नाही.

शिवाय महाभारताला या उपदेशाची मर्यादा ठाऊक आहे. युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू पडतो. संशप्तकांशी लढून परतलेल्या अर्जुनाला छावणी गप्प दिसते, आणि मग तो पोराच्या एकेका गुणाची आठवण काढून रडतो. बारा दिवसांपूर्वी खुद्द कृष्णाच्या तोंडून गीता ऐकलेला हा माणूस! कृष्ण त्याला सावरतो, ते मागे न फिरणाऱ्या वीरांची हीच वाट असते असे सांगून. दुसरा अध्याय तो पुन्हा वाचून दाखवत नाही. पुढे शांतिपर्वात तर मृत्यूच स्त्रीरूपाने येते आणि मला प्राण्यांना मारायला लावू नका म्हणून ब्रह्मदेवापुढे रडते. तिच्या अश्रूंचे रोग होतात, अशी ती कथा आहे. ज्या ग्रंथात मृत्यूलाही रडू येते, त्याचा हवाला देऊन आपण आईला गप्प करतो.

पुढचा मराठी इतिहास सांगायची गरज नाही. ज्ञानेश्वरी, मंडालेत लिहिलेले गीतारहस्य, धुळ्याच्या तुरुंगातली विनोबांची प्रवचने, हे सारे घराघरात आहे. पण संतांनी हा विवेक कसा सांभाळला ते पाहण्याजोगे आहे. ज्ञानदेवांच्या समाधीचे नामदेवांचे अभंग वाचा. निवृत्तीनाथ गुरू, स्वतः ज्ञानी, आणि तरी त्यांचा बांध फुटतो. त्या रडण्याला नामदेवांनी अज्ञान म्हटले नाही. तुकोबांनी स्वतःचे मरण डोळ्यांनी पाहिल्याचा सोहळा गायला. त्याच तुकोबांनी दुष्काळात अन्नावाचून गेलेल्या बायकोबद्दल लिहिले तेव्हा आत्म्याचे अमरत्व काढले नाही. तिथे दुःख आहे आणि लाज आहे. स्वतःच्या मरणाला एक भाषा आणि दुसऱ्याच्या मरणाला दुसरी, हा फरक त्यांना कोणी शिकवावा लागला नाही.

कोणी म्हणेल, पण या श्लोकांनी कित्येकांना खरोखर धीर येतो. येतो, मीही पाहिले आहे. दुःखात बुडालेल्या माणसाने स्वतःहून तो श्लोक जवळ केला तर तो त्याचा हक्क आहे. मैत्रेयीनेही स्वतःच विचारले होते. तिच्यावर कोणी प्रवचन लादले नव्हते.

म्हणून दहाव्याला माइकपुढे उभे राहणाऱ्यांना एवढीच विनंती. अमरत्वाचा श्लोक स्वतःच्या आजारपणासाठी, स्वतःच्या म्हातारपणासाठी राखून ठेवा. तिथे तो सोन्यासारखा आहे. घाटावर उभे राहाल तेव्हा गेलेल्याचे नाव घ्या, तो कसा होता ते सांगा आणि आईला रडू द्या. आणि तो खड्ड्यामुळे गेला असेल, तर खड्डा कोणाच्या हद्दीतला होता आणि कधी बुजणार, हे त्याच माइकवरून चेअरमन, सरपंच आणि आमदारांच्या प्रतिनिधींना विचारा.